पाच जणांची फुंक, दुरुस्तीवाल्याच्या कानाने

फुंकून वाजवायच्या पाच वाद्यांच्या एका मंडळाचा कार्यक्रम ऐकला. मंडळाचं नाव लिहिणार नाही. पाचांपैकी दोघांची वाद्यं अधूनमधून माझ्या टेबलावर उघडी पडलेली असतात. कौतुक केलं तर म्हणाल, गिऱ्हाइकाची तारीफ चाललीये. नावं ठेवली तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याचं दार वाजवेल. मी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांची दुरुस्ती करतो: पॅड बदलणं, कॉर्क लावणं, स्प्रिंगा बसवणं, तडा गेलेलं लाकूड सांधणं. वाजवतो जेमतेम, काम झाल्यावर तपासण्यापुरतं. तेव्हा माझ्याकडून संगीत समीक्षकाची अपेक्षा ठेवू नका. वाद्याच्या आत काय चाललंय ते मला इतरांपेक्षा जरा जास्त दिसतं, एवढंच माझं भांडवल.

निकाल आधीच सांगून टाकतो: तिकीट काढून जाण्यासारखा कार्यक्रम आहे. पाचांत दोघं उत्तम, दोघं चांगले, आणि पाचवा जरा कमी बोलला असता तर तोही चांगल्यात धरला असता.

असा कार्यक्रम कधी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बासून. याला वुडविंड क्विंटेट म्हणतात, हॉर्न पितळेचा असला तरी. तंतुवाद्यांच्या चौकडीत सगळी वाद्यं एकाच कुळातली असतात, गज ओढायचा आणि लहानमोठ्या आकाराचा काय तो फरक. इथे पाच जण पाच गावचे. फ्लूटवाला भोकाच्या कडेवर फुंकर मारतो, त्याच्या तोंडात काहीच नसतं. क्लॅरिनेटला एका पात्याची रीड (थरथरणारी पातळ पट्टी), माउथपीसला बांधलेली. ओबो आणि बासूनला दोन पात्यांची, ती सरळ ओठांत धरायची. हॉर्नमध्ये तर ओठच थरथरतात. नळ्याही वेगवेगळ्या. ओबोची आतून निमुळती, क्लॅरिनेटची बरीचशी सरळ. त्यामुळे ओबो वरच्या सप्तकात गेला की मध्य षड्जाच्या जागी तार षड्ज मिळतो. क्लॅरिनेटमध्ये तीच बोटं ठेवून वर उडी मारली तर तार षड्ज लागतच नाही, थेट तार पंचम लागतो. अशा पाच जणांनी एका सुरात यावं ही अपेक्षाच मुळात अवघड. म्हणून मी अशा मंडळाकडे बघतो ते एकाच गोष्टीसाठी: कोण कुणासाठी मागे सरतो?

जुन्या काळी हे सोपं होतं. व्हिएन्नाच्या दरबारात 1782 साली सम्राट दुसरा जोसेफ याने आठ जणांचं मंडळ नेमलं: ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून, प्रत्येकी दोन. जोड्या असल्या की दोन ओबो एकमेकांना सांभाळून घेतात, दोन हॉर्न एकमेकांना. आणि अशा मंडळांना मागणीही होती. त्याच वर्षी मोझार्ट वडिलांना लिहितो की नव्या ऑपेराचं सुषिर वाद्यांसाठी रूपांतर लवकर उरकायला हवं, नाहीतर दुसराच कुणी करून मोकळा होईल आणि फायदाही त्याच्याच खिशात जाईल. जोड्या मोडून प्रत्येकी एकच वाद्य ठेवायचा प्रकार रुजवला तो पुढे पॅरिसमध्ये अंतोन राइखाने. बीथोव्हनच्याच वयाचा, दोघेही 1770 सालचे, आणि तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात एकत्र होते. हा फ्लूटवर, तो व्हायोलावर. राइखाने अशी 24 पंचकं लिहिली. ती ऐकून फ्रान्झ डान्झीने 9 लिहिली, पैकी पहिली तीन राइखालाच अर्पण केली.

या मंडळाने सुरुवात केली ती त्या तिनांतल्या दुसऱ्या, जी मायनरमधल्या पंचकाने. निवड शहाणपणाची. डान्झी कुणाचा जीव घेत नाही, आणि वाद्यं तापेपर्यंत असंच काहीतरी हवं असतं.

वाद्य तापणं हा विषय मात्र आयोजकांनी जरा समजून घ्यायला हवा. सुषिर वाद्याचा सूर ठरतो तो आतल्या हवेवर. हवा तापली की सूर चढतो, अंशाला साधारण 3 सेंट, आणि 100 सेंटांचा एक अर्धस्वर. सभागृहाचा एसी इतका जोरात होता की माझ्या शेजारच्या बाई शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यात एक झडप नेमकी मंचाच्या डाव्या बाजूवर सुटलेली. तिथे ओबो. सुरुवातीला ओबोने सूर दिला, सगळ्यांनी जुळवून घेतलं, आणि पहिला भाग संपेपर्यंत प्रत्येकाचा सूर आपापल्या मार्गाने निघाला होता. बासून आठ फुटांची दुमडलेली नळी, ती सावकाश तापते. फ्लूट लगेच तापतो. मधल्या काळात दोघांत जे अंतर पडतं ते ऐकणाऱ्याला ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच जाणवतं. दुसऱ्या भागापर्यंत सगळं जागेवर आलं. यात वाजवणाऱ्यांचा दोष नाही. झडपेचा आहे.

आणि इथेच मला पहिल्यांदा क्लॅरिनेटवाले आवडले. पाचांत वयाने मोठे तेच, केस पांढरे, समोर टॅब्लेट न ठेवता कागदाची पानं उलटणारे. लांब धरलेला मेजर कॉर्ड (सा-ग-प एकदम) आला की त्यातला गंधार ज्याच्या वाट्याला येतो त्याची परीक्षा असते. गाण्याचा कान असलेल्यांना हे सांगायला नको: तंबोऱ्याशी जुळलेला गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. कारखान्यातून वाद्य येतं ते पेटीच्या हिशेबाने भोकं पाडून. ते 14 सेंट माणसाने स्वतः उतरवायचे असतात, आणि कॉर्ड बदलून तोच स्वर षड्ज झाला की पुन्हा वर घ्यायचे. या गृहस्थांचा जबडा नीट बघा. गंधार आला की हनुवटी केसभर सैल होते, आणि सगळा कॉर्ड एकदम स्वच्छ होतो. टाळ्या त्यासाठी कुणी वाजवत नाही. वाजवाव्यात असंही म्हणत नाही, पण कळलं तर मैफल दुप्पट रंगते.

फ्लूटवाला तरुण आहे, बोटं विजेसारखी. डान्झीने त्याला मिरवायला जागाही भरपूर दिलीये. पण त्याचा दम वाक्याच्या मधे संपतो. फ्लूट हे हवा खाणारं वाद्य, निम्मी फुंक कडेवरून बाहेरच जाते. उलट ओबोच्या रीडची फट इतकी बारीक की वाजवणाऱ्याची हवा संपतच नाही, छातीत शिळी होऊन राहते. ओबोवाल्याला आधी ती बाहेर टाकावी लागते आणि मग नवी घ्यावी लागते. म्हणजे दोघांचे श्वास कधीच एका जागी येत नाहीत. मुरलेल्या मंडळात हे आधी ठरलेलं असतं, कुणी कुठे श्वास घ्यायचा म्हणजे वाक्य तुटल्यासारखं वाटणार नाही. इथे दोनदा तुटलं. दोन्ही वेळा बासूनवाल्या पोराने आपला स्वर ठरल्यापेक्षा थोडा लांबवून भोक बुजवलं. असं प्रसंगावधान शिकवून येत नाही.

मग फ्लूटवाल्याने माइक घेतला.

पुढची रचना लिगेतीची, त्याच्याबद्दल चार शब्द सांगतो म्हणाला आणि बराच वेळ बोलला. विनोदही केले. लोक हसले, मीही एकदा हसलो. पण त्याच्यामागे काय चाललं होतं ते बघा: ओबोवाली बाई रीड तोंडात धरून बसल्या होत्या, ती वाळू नये म्हणून. पायाशी फिल्मच्या रिळाची जुनी डबी, त्यात घोटभर पाणी. एकदा रीड त्यात बुडवली, झटकली, परत तोंडात. बासूनवाला नळीत मुक्यानेच गरम हवा सोडत होता. क्लॅरिनेटवाल्यांनी वाद्य काखेत धरलं होतं. पाचांत ज्याला रीड नाही त्याच्याकडेच माइक, हे काही बरोबर नाही. बोलायचंच असेल तर सुरुवातीला बोला, नाहीतर कागदावर छापा. कागदावर तेवढंच छापलं नव्हतं. रचनांची नावं आणि कलाकारांचे पुरस्कार, संपलं. अक्षरं इतकी बारीक की दिवे मंद झाल्यावर तो कागद वारा घ्यायच्या कामाचा, आणि वाऱ्याची तर कमी नव्हतीच.

बोलण्यातला उपयोगाचा भाग मी इथे देतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा त्याची वाट बघावी लागणार नाही. ग्यॉर्गी लिगेती हंगेरीत असताना, 1953 साली, त्याने पियानोसाठीच्या स्वतःच्या अकरा तुकड्यांतून सहा निवडले आणि या पाच वाद्यांसाठी बांधले: सहा बॅगातेल, म्हणजे छोटेखानी तुकडे. प्रत्येक तुकडा मोजक्या स्वरांवर. पहिल्यात तर चारच स्वर: सी, ई-फ्लॅट, ई आणि जी, म्हणजे सा, कोमल ग, शुद्ध ग, प. एवढ्यावर धमाल. 1956 मध्ये पहिल्यांदा वाजले तेव्हा पाचच वाजले. सहाव्यात अगदी शेजारशेजारचे स्वर एकमेकांवर फार आदळतात म्हणून त्या काळच्या सरकारी कानांना तो धोकादायक वाटला. पाचवा संगीतकार बेला बार्टोकच्या स्मरणार्थ.

हा भाग या मंडळाने फार छान वाजवला. पहिल्या तुकड्यात कोमल आणि शुद्ध गंधार एकमेकांना चिमटे काढत असतात. इथे कुणी सांभाळून घेत बसलं तर मजा जाते. बसले नाहीत. चौथा तुकडा साताच्या ठेक्यात, अतिवेगवान आणि मुद्दाम खडबडीत. इथे एक गंमत लक्षात ठेवा. फ्लूट आणि हॉर्नवाल्यांना जीभ पुढेमागे दोन्हीकडे मारून, ‘तु-कु-तु-कु’ असे स्वर भराभर तोडता येतात. रीडवाल्यांच्या तोंडात रीड असते, त्यांना बहुतेक एकेरी जिभेवरच भागवावं लागतं. म्हणून अशा वेगाच्या तुकड्यात लय ठरते ती सगळ्यांत मंद जिभेच्या माणसावर. फ्लूटवाल्याला आणखी पळायचं होतं हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. ओबोवाल्या बाईंनी पळू दिलं नाही. त्यांनी वाद्याचं टोक जरा उचलून जी लय दिली ती शेवटपर्यंत तीच. साताच्या सात मात्रा दगडासारख्या पक्क्या.

पाचव्याच्या आधी बाईंनी एक की (पॅडने भोक झाकणारी कळ) उघडून तिच्याखाली पातळ कागदाची चिठ्ठी सरकवली, की दाबली, फुंकलं, चिठ्ठी ओढून घेतली. मागे कुणीतरी कुजबुजलं, “काय करतायत?” सिगारेटचा कागद तो. श्वासातली वाफ थंड लाकडाला लागली की पाणी होतं, आणि ओबोची वरच्या सप्तकाची भोकं टाचणीच्या टोकाएवढी. थेंब तिथे अडकला की स्वर गुरगुरतो. एसीची कृपा. पॅड चिकटत असलं तरी हाच कागद कामी येतो. माझ्याकडे लोक वाद्य घेऊन येतात, “बिघडलंय” म्हणतात, आणि कित्येकदा एवढ्या कागदावर काम भागतं. बाईंनी ते मंचावर, सगळ्यांसमोर, घाई न करता केलं आणि पाचवा तुकडा सुरू केला. त्या शोकगीतात एकही गुरगुर आली नाही. गुरगुर आली असती तर सगळा तुकडा मातीत गेला असता.

मध्यंतराबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फार लांबलं.

मध्यंतरानंतर डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनचं 1922 चं पंचक. अशा मंडळाचा कस लागतो तो इथे. यामागची हकिकत खरी आहे आणि ती फ्लूटवाल्याने नेमकी सांगितलीच नाही. 1921 च्या शरदात नील्सनने एका पियानोवादक मित्राला फोन केला, तर फोनमध्ये मागे कोपनहेगनच्या सुषिर मंडळाची मोझार्टची तालीम ऐकू आली. तो उठून तिथेच गेला. पुढे त्या पाच जणांसाठी त्याने हे पंचक लिहिलं, वाद्यांसाठी जितकं तितकंच त्या माणसांसाठी. प्रत्येकासाठी एकेक कॉन्चेर्टोही (एक वाद्य पुढे, वाद्यवृंद साथीला) लिहायचं मनात होतं. फ्लूटचा 1926 मध्ये झाला, क्लॅरिनेटचा 1928 मध्ये, आणि 1931 मध्ये तो गेला. क्लॅरिनेटचा ज्याला अर्पण केला तो त्या मंडळाचा क्लॅरिनेटवाला आगे ऑक्सेनवाद तापट म्हणून प्रसिद्ध होता.

म्हणून म्हणतो, नील्सनमध्ये पाचांनी एकजीव होऊन चालत नाही. डान्झीमध्ये मी कोण मागे सरतो ते बघत होतो. इथे कोण सरत नाही ते बघायचं. स्वतः नील्सननेच म्हटलंय की वाद्यं कधी सगळी एकदम बोलतात, कधी अगदी एकेकटी असतात.

सुरुवात बासूनची, एकट्याची. हा उंच पोरगा खुर्चीत जरा वाकडाच बसतो, पण त्याचा पहिला स्वर लागला आणि शेजारच्या बाईंनी शाल सावरणं थांबवलं. बासूनला लोक विनोदी वाद्य समजतात, खालच्या स्वरात डुरडुर करणारं. मधल्या सप्तकात ते गातं, आणि तिथे त्याचा सूर पकडून ठेवणं कठीण, कारण बासूनची बोटं म्हणजे सगळा जुगाड. अर्धं भोक उघडायचं, दोन्ही अंगठ्यांनी मिळून डझनाहून जास्त की सांभाळायच्या. त्याचे अंगठे मला ऐकू आले नाहीत. माझ्या धंद्यात ही शाबासकी समजतात. सैल की असली की खटखट येते, आणि बासूनवाल्यांना त्या खटखटीची इतकी सवय झालेली असते की त्यांना ती ऐकूच येत नाही.

दुसरा भाग मिन्युएट, जुन्या नाचाच्या चालीचा. क्लॅरिनेट आणि बासून आधी, मग फ्लूट आणि ओबो एकमेकांच्या पाठोपाठ. नेटका झाला, पुढे.

तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ओबोवाल्या बाईंना ओबो खाली ठेवून इंग्लिश हॉर्न घ्यावा लागतो. नाव हॉर्न, पण आहे मोठा ओबोच, खाली फुगीर बोंडाचा. अडचण अशी की तो तोपर्यंत स्टँडवर थंड पडलेला असतो, आणि आल्या आल्या त्यालाच मोठा, उघडा सूर लावायचा असतो. बाईंनी मिन्युएट संपताच तो मांडीवर घेतला, सगळ्या की बंद केल्या आणि नुसती हवा सोडत राहिल्या. बाकीचे चौघं थांबले. कुणी पान चाळलं नाही, कुणी घसा खाकरला नाही, फ्लूटवाल्यानेसुद्धा माइककडे पाहिलं नाही. मग पहिला स्वर आला तो सुरातच आला. इंग्लिश हॉर्नचा आवाज मला एरवी थोडा नाकातला वाटतो. यांचा भरदार होता, जड नाही.

पुढे मूळ सुरावट, नील्सनच्याच एका भजनाची चाल, आणि तिची अकरा रूपं. पाचव्यात क्लॅरिनेट आणि बासून दोघंच. क्लॅरिनेट चिडलेला, बासून त्याला दाद न देता आपलं चालवतोय. आमचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ, सगळा वेळ हनुवटी सैल सोडून इतरांना जागा करून देणारे, इथे असे कडाडले की मी दचकलो. स्वर ओरबाडल्यासारखे काढले, एक तर सरळ चिरकला. मुद्दाम का अपघाताने ते मला कळलं नाही, आणि माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला हे कळलं नाही म्हणजे वाजवणारा पक्का आहे.

नवव्या रूपात हॉर्न एकटाच. माझ्या मागच्या रांगेत एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची असेल. तिने आईला स्पष्ट आवाजात विचारलं, “आई, ती ताई त्यात हात का घालते?” आईने तिला गप्प केलं. प्रश्न मात्र चोख होता. हॉर्नच्या बेलमधला, म्हणजे फुललेल्या तोंडातला, हात आवाज मवाळ करतो आणि सूर केसभर वरखाली करतो. पूर्ण कोंबला तर आवाज पत्र्यासारखा धारदार होतो. डान्झीच्या वेळी व्हॉल्व्ह (बोटांनी स्वर बदलायच्या कळा) नुकतेच निघाले होते, वापरात जवळपास नव्हते. मधले कित्येक स्वर या हातानेच काढायचे. हॉर्नवाल्या मुलीचा हा भाग स्वच्छ झाला, पण निम्मा आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. हॉर्नचं तोंड मागे असतं, आवाज मागच्या भिंतीवर आपटून यायला हवा. मागे भिंतीऐवजी जाड मखमली पडदा. सगळा आवाज त्याने पिऊन टाकला. मागे लाकडाची एक फळी उभी केली असती तरी भागलं असतं, आणि असल्या फळ्या सभागृहात एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या मी आत शिरतानाच पाहिल्या होत्या.

हॉर्न वाजत असताना सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मी बासूनवाल्याकडे बघत होतो, कारण मला माहीत होतं काय येणार आहे. त्याने खुर्चीखालून पुठ्ठ्याची एक सुरळी काढली आणि वाद्याच्या वरच्या तोंडात अलगद सरकवली. याचं कारण शेवटचा स्वर. बासूनचा सगळ्यांत खालचा स्वर बी-फ्लॅट. नील्सनने शेवटी त्याच्याही खालचा ए लिहिलाय, जो वाद्यात नाही. तो हवा असेल तर नळी लांबवायची, आणि नळी लांबवली की बी-फ्लॅटची बोटं ए देतात. बी-फ्लॅट अर्थातच गेला. म्हणून सुरळी कधी घालायची हे तालमीतच पक्कं करून ठेवावं लागतं. लांबी बोटभर कमी पडली तर सूर चढा, पुठ्ठा सैल राहिला तर झणझणाट.

शेवटचा भाग आला, तीनच्या ठेक्यातली ती चाल चारच्या ठेक्यात, ऐटीत. पाचही जण पूर्ण आवाजात. आणि अगदी शेवटी तो ए. नीट लागला, सुरात, जाड, खुर्चीच्या लाकडातून जाणवेल असा. कार्यक्रमात सर्वांत जास्त आनंद मला त्या स्वराने दिला, आणि सभागृहात तो किती जणांना वेगळा ऐकू आला असेल देव जाणे.

नंतर वन्स मोअर झाला. त्यांनी फ्रेंच संगीतकार इबेरच्या 1930 च्या तीन छोट्या तुकड्यांपैकी पहिला वाजवला. चटपटीत आहे, फ्लूटवाल्याला साजेसा, आणि इथे तो खरंच खुलला. दम पुरला, बोटं पळाली, बाकीच्यांनी पळू दिली. हा पोरगा पाच वर्षांनी भारी होणार. माइक मात्र त्याच्यापासून लांब ठेवा.

किरकोळ: तिकीट फोनवरून काढता आलं, त्रास झाला नाही. आसनं ठीक. पुढच्या रांगा टाळा. तिथे की आणि श्वासांचे आवाज जास्त येतात आणि फ्लूट सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. मधोमध, जरा मागे बसा. डावीकडे बसणार असाल तर स्वेटर न्या. चौघांचे टॅब्लेट पायाच्या पेडलवर चालतात, पानांचा आवाज नाही हे छान, पण चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. त्याबद्दल एक गुण जास्त.

बाहेर पडताना बासूनवाला भेटला. खोका पाठीला, हातात ती सुरळी.

“काका, ए आला ना?”

“आला. कशाची केलीस?”

“फाइलचा पुठ्ठा. आतून फेल्टची पट्टी लावलीये, नाहीतर झणझणायचं.”

ती मी करून दिलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मला दाखवली असती तर मी पितळी करा म्हटलं असतं, आणि ते पुठ्ठ्यापेक्षा वाईट वाजलं असतं बहुधा. पॅडबद्दल त्याने काही विचारलं नाही, मीही काढलं नाही.

पुढच्या वेळी चेक संगीतकार यानाचेकचं ‘म्लादी’ करणार आहेत म्हणाला, 1924 चं. त्यात या पाचांच्या जोडीला बास क्लॅरिनेट लागतो, म्हणजे सहावा माणूस आला. तो बसणार कुठे, त्या झडपेखाली की पडद्यापुढे, हे आयोजकांनी आत्ताच ठरवावं. मी जाणार आहे. बास क्लॅरिनेट कुणाचा आणणार असं विचारलं तर अजून ठरलेलं नाही म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे सध्या एक आहे, पण तो दुसऱ्याचा आहे आणि खालच्या तीन की उघड्याच पडल्यात.